आजोबांना उभं राहायला गेट तरी होतं

पत्र असं आहे:

"ताई, मी 23 वर्षांचा. सोलापुरात पूर्व भागात राहतो. आयटीआय केलंय, इलेक्ट्रिशियन, त्याला दोन वर्षं झाली. सध्या मोबाईलच्या दुकानात बसतो, महिन्याला आठ हजार मिळतात. आजोबा गिरणीत होते, वडील यंत्रमागावर. आता वडिलांना मणक्याचं दुखणं आहे, उभं राहवत नाही. आई विड्या करते. बहीण युनिफॉर्मच्या कारखान्यातून शर्ट आणून घरी शिवते, नगावर. मित्र सगळे पुण्याला गेले. मलापण म्हणतात, जा की, इथं काय ठेवलंय. मला घर सोडायचं नाही. नगरसेवकाकडे चारदा जाऊन आलो, 'बघू' म्हणतात. आता ओळखीतला एकजण सरकारी ठिकाणी ठेक्यावर लावून देतो म्हणतोय, साठ हजार मागतोय. आई गंठण मोडायला तयार आहे. द्यावेत का? आणि आमच्यासारख्या पोरांसाठी महापालिकेनं काही करायचं असतं का नसतंच?"

आधी गंठणाचं बोलू, बाकीचं नंतर. आईला आजच सांग, ते गळ्यातच राहू दे. ठेक्यावरची जागा ठेकेदार भरतो आणि ठेका संपला की ती जागाही संपते. पुढच्या ठेकेदाराला तुझे साठ हजार माहीत नसतात. कायम पदाची तर रीतच वेगळी आहे: जाहिरात निघते, परीक्षा होते, यादी लागते. त्यात मध्ये बसून पैसे घ्यायला कुणाला जागाच नाही. तो माणूस 'माझी आत ओळख आहे' म्हणत असेल, तर त्याच्याकडे एकच गोष्ट माग, जाहिरातीचा क्रमांक. तो कुठल्या पदाची, कुठल्या तारखेची जाहिरात हे सांगणार नाही, कारण जाहिरातच नसते. पैसे मागणारा स्वतः सरकारी नोकर निघाला, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा फुकट नंबर आहे. बाहेरचा दलाल असेल तर पोलीस ठाणं. आणि यातले काही हजार तू आधीच देऊन बसला असशील (पत्रात लिहिलं नाहीस, पण मला शंका आली), तर लाजू नको. फोनवरचे मेसेज, पैसे पाठवल्याची नोंद, कोण कधी काय बोललं, हे सगळं आज रात्रीच एका वहीत लिहून ठेव.

आता तुझा खरा प्रश्न.

तू आजोबांचा उल्लेख केलास म्हणून सांगते. सोलापूरची जुनी गिरणी 1877 ची. तिच्या मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि भोंग्यावर घड्याळ लावणारं गाव तयार झालं. त्या काळात कायम नसलेला माणूस 'बदली' म्हणून सकाळी गेटवर उभा राहायचा. कुणी खाडा केला की त्याच्या मागावर याला आत घ्यायचे. रोज घेतीलच असं नव्हतं. कित्येक जण डबा तसाच घेऊन परत यायचे. त्या जगण्याचं कौतुक मी करत नाही, त्यात फार अपमान होता. पण कुठं उभं राहायचं हे तरी प्रत्येकाला माहीत होतं. काम कुठं आहे, कोण देतं, कधी देतं, याला एक पत्ता होता. गिरण्या गेल्या आणि तो पत्ताच गेला. तुझ्या हातात आयटीआयचं प्रमाणपत्र आहे, पण ते घेऊन उभं राहायला गेट नाही. म्हणून तू नगरसेवकाच्या दारात उभा राहतोस, आणि म्हणूनच तो साठ हजारवाला तुला सापडतो, किंवा तू त्याला.

महापालिकेनं काय करायचं असतं, याचं माझं उत्तर हेच आहे: तिनं ते गेट व्हायचं असतं. प्रत्येकाला नोकरी देणं तिच्या हातात नाही, आणि तसं वचन कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नको. पण संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत, जी 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं आली, शहराच्या संस्थेकडे सोपवता येतील अशा कामांत आर्थिक व सामाजिक विकासाचं नियोजन आणि नागरी दारिद्र्य कमी करणं ही दोन्ही कामं लिहिलेली आहेत. गटार, दिवे, पाणी यांच्याच यादीत. तेव्हा 'हे आमचं काम नाही' असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही.

एक गोष्ट मला कायम खुपते. 1972 च्या दुष्काळात आपल्या राज्यानं रोजगार हमी उभी केली, 1977 मध्ये तिचा कायदा केला आणि पुढे सगळ्या देशानं ती उचलली. पण ती ग्रामीण भागासाठी. गावातला माणूस ग्रामपंचायतीत जाऊन 'काम द्या' असा अर्ज करू शकत होता, शहराच्या हद्दीतल्या तुला तो हक्क कधी मिळालाच नाही. केरळनं 2010 च्या सुमारास शहरांसाठी अय्यंकाळी योजना आणली, राजस्थाननं 2022 मध्ये शहरी रोजगार हमी सुरू केली, तिथं कामाची मागणी शहराच्या संस्थेकडेच नोंदवायची. आपल्याकडे शहरांसाठी तसं नाही. हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं, पण ते होईपर्यंत तुझं वय थांबणार नाही. म्हणून आज जे आहे त्याकडे वळू.

तू इलेक्ट्रिशियन आहेस, हे विसरून तू पत्र लिहिलंयस. सगळ्या पत्रात तू 'काम' मागितलंस, आपल्या हातातल्या कामाबद्दल एक ओळ नाही. शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) कायदा 1961 चा. त्याच्या 2019 मध्ये बदललेल्या नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे आहेत, आणि त्या मोजणीत ठेक्यावरची माणसंही धरायची. राज्यातल्या अनेक महापालिका आयटीआयच्या मुलांना असं घेतात. विचार कर, शहराच्या महापालिकेकडे तुझ्या ट्रेडची कामं किती: रस्त्यावरचे दिवे, पंपगृहं, दवाखाने, शाळा, नाट्यगृह, परिवहनचा डेपो. उजनीपासून शंभरावर किलोमीटर पाणी ओढून आणणारं हे शहर आहे, त्या पाण्याच्या वाटेवर मोटारी आहेत, पॅनल आहेत, रात्रपाळीला तिथं बसणारा माणूस लागतो. नवी समांतर जलवाहिनी म्हणजे आणखी पंप. तिथं शिकाऊ मुलगा वर्षभर राहिला तर शिकेल, आणि शहरालाही आपलं पाणी आणणारी यंत्रं ओळखणारा माणूस मिळेल.

म्हणून नगरसेवकाकडे पाचव्यांदा जाशील तेव्हा 'काहीतरी बघा' म्हणू नको. 'बघा' म्हटलं की 'बघू' हेच उत्तर मिळतं, त्याला दुसरं काही सुचायला तू जागाच ठेवत नाहीस. एक कागद घेऊन जा. मसुदा मी देते, तुझ्या भाषेत कर:

"प्रति, मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका. विषय: विद्युत व पाणीपुरवठा विभागात शिकाऊ उमेदवार घेण्याबाबत. मी व सोबत सही करणारे आयटीआय उत्तीर्ण असून सोलापूर शहरात राहतो. शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार आपल्या विभागांत इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर या ट्रेडच्या किती जागा आहेत, त्यांपैकी किती भरल्या आहेत व पुढील भरती कधी आहे, हे कृपया लेखी कळवावे. जागा निश्चित केल्या नसल्यास त्या करून अप्रेंटिसशिप पोर्टलवर दाखवाव्यात, ही विनंती."

खाली एकट्याची सही नको. तुझ्या बॅचचे जे सोलापुरात उरलेत त्यांना गोळा कर. पुण्याला गेलेल्यांतलेही दोन-चार परत यायला तयार असतील, विचारून बघ. दोन प्रती काढ. एक आवक टेबलावर दे, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. त्या पोचीशिवाय तिथून हलू नको. 'ठेवून जा, साहेब आले की देतो' म्हणतील. 'ठेवतो, पण पोच द्या' एवढंच शांतपणे म्हणायचं. मग त्याच कागदाची एक प्रत नगरसेवकाला द्यायची आणि विचारायचं, हा विषय तुम्ही सभेत मांडाल का? त्यांनाही सोपं होतं. एका मुलाला नोकरी लावणं त्यांना जमत नाही, पण वीस मुलांच्या सह्यांचा विषय मांडणं हे त्यांचं कामच आहे.

महिन्याभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज कर. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तोच प्रश्न, जागा किती आणि भरल्या किती. त्यात आरोप करायचा नाही, टोमणा मारायचा नाही, आकडे मागायचे.

हे मी एवढं लांबवून सांगते त्याला कारण आहे. खूप वर्षांपूर्वी एका छोट्या गावच्या पालिकेत (नाव नको) मी कामाला गेले होते. जिन्याखाली काचेची सूचना पेटी होती, कुलूपबंद. आत एक कागद उन्हानं पिवळा पडून एका टाचणीवर लटकत होता. वाकून, मान वाकडी करून वाचला, तर ती मुलींसाठी मोफत प्रशिक्षणाची सूचना निघाली आणि मुदत संपून सहा महिने झाले होते. मी शिपाईमामांना विचारलं, किती अर्ज आले? ते म्हणाले, 'दोन. एक माझ्या पुतणीचा.' त्यांचा राग नाही आला मला. निदान त्यांनी पुतणीला सांगितलं. पण बाकीच्या मुली त्या जिन्यावरून घरपट्टी भरायला आईबरोबर वर-खाली गेल्या असतील ना! दार होतं, उघडं होतं, आणि कुणाला दिसलं नाही. महापालिकांनी तरुणांसाठी पहिली गोष्ट काय करावी असं कुणी मला विचारलं तर मी पैसे खर्च करायला सांगणार नाही. विभागीय कार्यालयात एक टेबल, त्यावर ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी बसणारा एक माणूस, आणि त्याच्याकडे शहरातल्या सगळ्या जागांची, प्रशिक्षणांची, मुदतींची एक ताजी यादी. सोलापुरात ती यादी मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही लावावी लागेल. तुझ्या आईला विचार, गल्लीत किती जणी मराठी सूचना सलग वाचतात.

शिकाऊ उमेदवारीचा पगार, म्हणजे विद्यावेतन, फार नसतं, हे आधीच सांगते. 2019 च्या नियमांत शिक्षणाप्रमाणे किमान पाच ते नऊ हजार ठरलं होतं, त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त दीड हजार, केंद्र सरकार देतं. म्हणजे मोबाईलच्या दुकानाइतकंच. फरक शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा आहे. रेल्वेच्या खालच्या स्तरातल्या भरतीत रेल्वेतच शिकाऊ राहिलेल्यांसाठी वीस टक्के जागा राखीव असतात, आणि मध्य रेल्वे सोलापूर विभागात, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात शिकाऊ मुलं घेते. महावितरणही घेते. म्हणून महापालिकेच्या उत्तराची वाट बघत बसू नको, पोर्टलवर आजच नाव घाल आणि या दोन्हीकडे लक्ष ठेव. दुकान आत्ताच सोडू नको.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेबद्दल कुणीतरी तुला सांगेलच. 2024 मध्ये सुरू झाली, बारावीला सहा, आयटीआयला आठ, पदवीधराला दहा हजार, आधी सहा महिने होती, मग अकरा केले. सरकारी कार्यालयांतही मुलं घेतली. वाईट नाही, पण मुदत संपल्यावर 'आता आमचं काय' म्हणत किती मुलं रस्त्यावर आली ते आपण पाहिलं. अशा ठिकाणी गेलास तर फायली उचलण्यात वर्ष घालवू नको, विद्युत विभागच मागून घे.

रोजगार मेळाव्याचंही थोडं. जा, पण आधी विचार, कुठल्या कंपन्या, कुठल्या गावच्या, हातात किती मिळणार. सोलापुरात मेळावा भरतो आणि जागा निघतात चाकणच्या, हे काही मुलांच्या पदरी आलं आहे. राहणं-खाणं वजा करून उरतं किती, हे तिथंच टेबलावर मांडायचं, गाडीत बसल्यावर नाही.

आणि एक बोलायचं राहिलं, बसचं. अक्कलकोट रोडची एमआयडीसी जवळ आहे, चिंचोळीची पुणे रस्त्यावर, शहराबाहेर. रात्रपाळी सुटल्यावर ज्याच्याकडे गाडी नाही त्यानं घरी यायचं कसं? मुलींनी कसं? पाळीच्या वेळा धरून दोन फेऱ्या सोडणं हे परिवहनच्या हातातलं काम आहे. त्याला कुणी रोजगार योजना म्हणत नाही, पण बस नाही म्हणून ज्या मुलीनं काम नाकारलं, तिच्यासाठी तीच योजना आहे. तुझ्या अर्जात नको, हा वेगळा अर्ज होतो. कारखान्यांच्या संघटनांनाही यात ओढता येतं, माणसं मिळत नाहीत ही त्यांची तक्रार असतेच.

आता बहिणीकडे येते. तिच्याबद्दल तू अर्धंच वाक्य लिहिलंस, आणि मला तिचंच सगळ्यात पटकन मार्गी लागेल असं वाटतं. ती नगावर शिवते म्हणजे मशीन घरचं, दोरा घरचा, वीज घरची, आणि दर दुसऱ्यानं ठरवलेला. पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली, तिच्यातल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. (कापड विणणारे विणकर त्यात नाहीत. चादर-टॉवेलच्या या गावात ते जाणवतं.) पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 चं ई-व्हाउचर, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाख कर्ज. नोंदणी सीएससी केंद्रात (सरकारी योजनांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात) होते, ती सध्या चालू आहे का ते आधी विचार, पण शहरात तिची पहिली पडताळणी करायची असते महापालिकेनं. म्हणजे अर्ज अडला तर कुणाच्या टेबलावर अडला हे तुला आता माहीत आहे. घरटी एकालाच मिळतं, आईवडील आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक घर धरतात. त्यामुळे तिचंच नाव घाल. आणि तिनं गेल्या पाच वर्षांत असलं दुसरं सरकारी कर्ज घेतलेलं नाही ना, ते बघ.

मशीन आलं तरी काम कुठून येणार, हा पुढचा प्रश्न. सोलापूर देशभरच्या शाळांचे युनिफॉर्म शिवतं. महापालिकेच्या स्वतःच्या शाळांतल्या मुलांचे गणवेश कोण शिवतं? 2024-25 मध्ये ते सगळं राज्य पातळीवरून झालं होतं, नंतर खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. त्या समितीत बहुतेक पालकच असतात. गल्लीतल्या पाच-सहा जणींनी मिळून बचत गट केला, नमुन्याचा एक शर्ट शिवून समितीसमोर ठेवला, तर त्यांना नाही म्हणायला कारण शोधावं लागेल. एका शाळेपासून सुरुवात करा. मापं घ्यायला शाळेत स्वतः जा, कारण बाहेरून आलेल्या गणवेशांची मोठी तक्रार मापाचीच असते: बाह्या लांब, पँट आखूड. तुझी बहीण ज्या मुलांना रोज गल्लीत बघते त्यांची मापं तिला नजरेनं कळतात.

तुला पुण्याला जायचं नाही, याबद्दल तू जवळजवळ माफी मागितलीस. कशाला? आईच्या मांडीवरचं सूप, कात्रीनं कापलेली ती पानं, हजार विड्या भरल्या की मिळणारे पैसे, आणि शेजारी वडील भिंतीला टेकून. हे घर सोडवत नाही यात कमीपणा कसला! उद्या शिकाऊची जागा पुण्यात लागली आणि वर्षभर जावं लागलं, तर तेही वाईट नाही, हुतात्मा एक्सप्रेस आहेच. पण जायचं तर ट्रेडच्या कामाला जा. मोबाईलच्या दुकानातून उठून पुण्याच्या गोदामात बसायला नको.

अर्जावर पोच मिळाली की मला आवक क्रमांक कळव, उत्तर आलं तर तेही. आणि बहिणीला सांग, सीएससी केंद्रात जाताना आधार, बँक पासबुक आणि रेशन कार्ड तिन्ही न्यायचं. आधाराला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का, ते आजच बघून ठेव. बहुतेकांचा अर्ज तिथंच अडकतो, ओटीपी येत नाही म्हणून.

तुझी,
ताई